किब्बरच्या मेमेंना, वाडग्याचं दार उघडल्याबद्दल

मेमे, जुले.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे ठाऊक आहे. तुमच्या नातीला मी ते फोनवर हिंदीत सांगेन, ती तुम्हाला भोटीत सांगेल. तरी मराठीतच लिहायचं ठरवलं, कारण तुमचे आभार मानले जात असताना माझ्या गावच्या माणसांनी ते ऐकावेत असं मला वाटतं. जुन्नर तालुक्यातल्या, उसाच्या कडेला शेळ्या बांधणाऱ्या माणसांनी. त्यांच्यासाठी एवढंच सांगते: किब्बर हे हिमाचलातल्या स्पितीतलं डोंगरातलं गाव, मेमे म्हणजे आजोबा आणि जुले म्हणजे नमस्कार.

२०१७ च्या मार्चमधली ती रात्र तुम्ही विसरला असाल. मी विसरले नाही. मी तुमच्याकडे भरल, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्या, मोजायला आले होते. बर्फ अजून गावात होतं आणि भरलांचे कळप खाली उतरले होते. पहाटे तीनच्या सुमारास कुत्री उठली, मग शेजारच्या घरातून हाका आल्या. तुमच्या मेंढ्यांच्या वाडग्याच्या छपराला एका कोपऱ्यात भगदाड पडलं होतं. टॉर्च आत मारला तेव्हा आधी मेंढ्या दिसल्या, एकावर एक पडलेल्या. अकरा. आणि पलीकडच्या भिंतीला टेकून हिमबिबट्या बसला होता. धुरकट अंगाचा, अंगाएवढ्याच लांब वाटणाऱ्या शेपटीचा. छपरातून आत उडी पडली, पण भिंती सरळ होत्या आणि वर परत जाता येत नव्हतं.

मी त्याआधी तीन महिने डोंगरात त्याच्या पावलांमागे हिंडले होते आणि तो मला एकदाही दिसला नव्हता. पहिल्यांदा दिसला तो असा.

दहा मिनिटांत अर्धा गाव गोळा झाला. हातात काठ्या होत्या, दगड होते. कोणी काही म्हटलं असतं तर मला समजलं असतं, कारण मी अशाच घरातली आहे. मी नववीत असताना बिबट्यानं आमच्या गोठ्यातल्या पाच शेळ्या एका रात्रीत मारल्या होत्या. बाबा सकाळी त्यांच्याजवळ बसून राहिले होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, आणि त्या रात्री टॉर्चच्या उजेडात तुमचाही तसाच झाला होता.

तुम्ही तीनच गोष्टी बोललात. पोरांना घरात घ्या. कुत्री बांधा. सगळे छपरांवर जा. मग तुम्ही दाराशी रचलेले दगड एकेक करून काढलेत, दार उघडलंत आणि जिन्यानं वर येऊन आमच्यात बसलात. वीस मिनिटं कोणी बोललं नाही. मग तो बाहेर आला, भिंतीच्या कडेनं गेला, नाल्यात उतरला.

मेमे, त्या दाराबद्दल हे पत्र आहे.

सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं की राग नाही आला का. तुम्ही म्हणालात, आला. मग तंदूरमध्ये शेण्या सरकवल्यात, चहा ओतलात आणि वही काढलीत. त्या दिवशी जे मला कळलं ते तोवर मी फक्त शोधनिबंधांत वाचलं होतं. नव्वदच्या दशकात वन्यजीव अभ्यासक चारुदत्त मिश्रा तुमच्या गावात येऊन राहिले आणि त्यांनी नोंदी केल्या. त्या परिसरातल्या एकूण पाळीव जनावरांपैकी १८ टक्के जनावरं दीड वर्षात हिमबिबट्या आणि लांडग्यांनी मारली होती. घरटी नुकसान माणशी वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याएवढं होतं, आणि लोकांच्या हिशेबानं वर्षाचं जे नुकसान झालं त्याच्या ३ टक्केच भरपाई हातात आली होती. हे आकडे मी परीक्षेत लिहिले होते. पण त्यातली एक ओळ तुमच्या घरची आहे, तो याक कुठल्या वळणावर पडला होता, हे तुम्ही बोट दाखवून सांगितलंत तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला.

मग गावानं काय केलं ते सांगितलंत. १९९८ मध्ये सुमारे ५ चौरस किलोमीटरचं कुरण गावानं चराईसाठी बंद केलं, भरलांसाठी. पोटाला लागणारं गवत रानातल्या जनावराला द्यायचं, हा निर्णय किती भांडणांनंतर झाला हेही तुम्ही लपवलं नाहीत. भरल वाढले. २००२ मध्ये विमा सुरू झाला. याक, घोड्यांसारख्या मोठ्या जनावरांसाठी मालकानं दरमहा थोडे पैसे भरायचे, बाहेरून थोडी भर पडायची, आणि जनावर मेलं तर पैसे त्या निधीतून द्यायचे. हिशेब गावातल्याच माणसांनी ठेवायचा. याक खरंच हिमबिबट्यानं मारला की कड्यावरून पडला हेही गावानंच ठरवायचं, कारण शेजाऱ्याच्या डोळ्यात धूळ फेकणं अवघड असतं. ज्या गुराख्याची जनावरं कमी मरतील त्याला वर बक्षीस.

तुमच्या त्या अकरा मेंढ्या विम्यात नव्हत्या. हे तुम्ही सांगितलं नाहीत, वहीत नाव नव्हतं म्हणून मला कळलं. म्हणजे दार उघडताना तुम्हाला पक्कं माहीत होतं की यातला एक रुपयाही परत येणार नाही.

जगात दरवर्षी २२१ ते ४५० हिमबिबटे मारले जातात, असा अंदाज २०१६ च्या एका पाहणीत मांडला गेला. कातड्याच्या बाजारामुळे मरतात असं आपल्याला वाटतं. पण त्यातले निम्म्याहून अधिक मारले जातात ते गुरं मारल्याच्या सूडानं, म्हणजे तुमच्यासारख्याच एखाद्या वाडग्यात, तशाच एखाद्या रात्री. भारतापासून रशियापर्यंत बारा देशांत हा प्राणी आहे. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये या बाराही देशांनी किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, एकत्र येऊन जाहीरनामा केला. आपसात न बोलणारे देशही त्या खोलीत होते, याचं मला फार मोल वाटतं. २३ ऑक्टोबर हा दिवस तेव्हापासून हिमबिबट्याचा दिवस झाला आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही तो मानला. पण मेमे, बारा देशांच्या सह्या असलेला तो कागद शेवटी कोणाच्या तरी वाडग्याच्या दाराशी येऊन थांबतो. तिथून पुढे काय व्हायचं ते त्या घरातला माणूस ठरवतो.

सगळं त्या घरातल्या माणसावर येऊन ठरतं, याचं दुसरं कारण जनावर स्वतः आहे. मंगोलियात गोबीच्या कडेला तोस्त डोंगरात हिमबिबट्यांच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारे पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात दिसलं की एका नराला सुमारे २०० चौरस किलोमीटर मुलूख लागतो. त्याच्या वावराच्या प्रदेशातली ४० टक्के अभयारण्यं याहून लहान आहेत. म्हणजे एका नरालाही ती पुरत नाहीत. आणि त्याच्या प्रदेशाचा तिसरा हिस्सा कुठल्या ना कुठल्या सीमेपासून ५० ते १०० किलोमीटरच्या आत येतो. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये नेपाळनं कांचनजंगा भागात एका नराला उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला. त्या देशातला तो पहिलाच. नाव तिथल्या एका दैवताचं दिलं. तो सीमा ओलांडून सिक्कीममध्येही फिरून आला. नेपाळच्या गुराख्यांनी राखलेला नर आपल्या बाजूचं भरल खातो आणि आपल्या बाजूला जगलेली मादी तिकडे जाऊन पिलं वाढवू शकते. मग एकट्यानं कोण काय राखणार?

तुमच्याकडे तो शेन, लडाखात शान, नेपाळात हिउँचितुवा, किर्गिझ लोकांत इल्बिर्स, मंगोलियात इर्वेस.

आता ज्याबद्दल मुळात लिहायला बसले ते सांगते. तुम्हाला यातला अर्धाच भाग माहीत आहे.

२०१९ च्या जुलैमध्ये मी काही आठवडे किर्गिझस्तानात होते, आयबेक आणि अर्गली, म्हणजे तिथल्या रानशेळ्या आणि रानमेंढ्या, मोजायची पद्धत शिकायला. नारिन प्रांतातल्या एका जाइलूवर, म्हणजे उन्हाळी कुरणावर, आम्ही एका कुटुंबाच्या तंबूत उतरलो. घरच्या आजी साठीच्या पुढच्या. त्यांची मेंढरं मागच्या हिवाळ्यात गेली होती, वाडग्यात शिरून, तुमच्यासारखीच. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे असं झालं की काय करतात? मी तुमची गोष्ट सांगितली. मी इंग्रजीत बोलायचे आणि सोबतची विद्यार्थिनी किर्गिझमध्ये सांगायची. दार उघडल्याचं ऐकून आजी काही बोलल्या नाहीत. निधीचं सांगितलं तशा मात्र त्या पुढे सरकून बसल्या. याकामागे महिन्याला किती? घोड्याला वेगळं का? एखाद्यानं दोन महिने भरलंच नाही तर? आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारायचा तसा आवाज खाली आणून: पेटीची किल्ली कोणाकडे असते?

मला उत्तर आलं नाही. मी सहा महिने तुमच्या घरी राहिले होते, जाडजूड प्रबंध लिहिला होता, पण हे विचारलं नव्हतं. दोन दिवसांनी नारिन शहरात रेंज आली तेव्हा मी तुम्हाला फोन केला. मटार काढायचे दिवस होते, तुम्ही शेतात होतात. तुम्ही म्हणालात, किल्ली कोणाकडेही असू दे, वही सगळ्यांना दिसली पाहिजे.

ते वाक्य भोटीतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत, इंग्रजीतून किर्गिझमध्ये गेलं आणि तरी त्याचं काही सांडलं नाही. आजींनी ऐकलं, मान डोलावली आणि सुनेला काहीतरी सांगितलं. सून हसली. विद्यार्थिनीनं मला नंतर सांगितलं, आजी म्हणाल्या, हा माणूस मेंढपाळच आहे.

मेमे, सीमेपलीकडचं सहकार्य म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते. मंत्र्यांच्या बैठका लागतात, त्यांना मी कमी लेखत नाही. सगळ्या देशांनी एकाच शिस्तीत मोजणी करायचं ठरवलं, म्हणून आज भारताचे ७१८, भूतानचे १३४, मंगोलियाचे ९५३ हे आकडे शेजारी शेजारी मांडून बघता येतात. आपल्या ७१८ पैकी ४७७ एकट्या लडाखात आहेत, आणि लडाखच्या दोन्ही अंगांना ज्या सीमा आहेत त्यांच्या पलीकडल्यांबरोबर बसून एकत्र मोजायचा दिवस लवकर यावा असं मला मनापासून वाटतं. पण किल्लीचा प्रश्न जाइलूवरच्या आजीलाच पडतो आणि उत्तर किब्बरच्या मेमेंकडेच असतं.

उलट दिशेनंही काही आलंच की. मंगोलियात १९९८ पासून गुराख्यांच्या बायका लोकरीच्या आणि नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या कापडाच्या, वस्तू करतात आणि त्यांच्या भागात वर्षभर शिकार झाली नाही तर वर बोनस मिळतो. ते उभं करणाऱ्यांपैकी एक बायारजारगाल आग्वानत्सेरेन. याच बाईंनी पुढे तोस्तमधल्या खाणींविरुद्ध गावोगाव लोक जमवले. २०१६ मध्ये तिथे राखीव क्षेत्र झालं, ३७ खाणपरवाने गेले, आणि त्यांना पर्यावरणाच्या कामासाठीचा २०१९ चा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्याच धर्तीवर स्पितीत २०१३ मध्ये ‘शेन’ हा बायकांचा गट सुरू झाला. तुमच्या सुनेनं मला दिलेले मोजे मी त्या जाइलूवर घातले होते. आजींनी ते उलटेपालटे करून टाके पाहिले.

आता माझ्या घरचं. आमच्याकडे २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागले तशी माणसांवरच्या हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ वरून १७ वर गेली, हे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आलं आहे. तरी आजही बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. मी बाबांशी याबद्दल कित्येक वर्षं वाद घातले आणि हरले. मग एका दिवाळीत मी वाद घातला नाही, तुमच्या त्या रात्रीची गोष्ट सांगितली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, छपराचं भगदाड त्यांनी नंतर बुजवलं का?

मी तुम्हाला विचारून त्यांना सगळं सांगितलं होतं: वर लोखंडी जाळी, खाली लाकडी वासे, झरोके हात जाणार नाही एवढे, दाराला फटी नाहीत. पुढच्या महिन्यात बाबांनी आमच्या गोठ्याला वरून जाळी मारली. मग चुलत्यांनी मारली. वरच्या वस्तीवर मेंढ्या घेऊन येणारे धनगर कळपाभोवती वाघूर, म्हणजे दोरीचं जाळं, लावून बसतात, त्यांच्याशीही बाबा जाळीबद्दल बोलत असतात. बिबट्या अजून येतो. परवा गोठ्याच्या मागे पंजे होते. शेळ्या सगळ्या आहेत.

तुम्ही मला शिकवलंत असं म्हटलेलं तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही म्हणाल, दार होतं, उघडलं. म्हणून दाराबद्दलच आभार मानते. त्या अकरा मेंढ्यांबद्दल, ज्यांचे पैसे आले नाहीत. वही दाखवल्याबद्दल, मटार काढणं थांबवून फोन घेतल्याबद्दल.

जूनमध्ये रस्ता उघडला की येते. जाइलूवरच्या आजींनी तुमच्यासाठी नमद्याचा तुकडा दिला होता, तो इतकी वर्षं माझ्याकडेच राहिला आहे. त्यावर इल्बिर्स आहे, शेपूट तुकड्याच्या कडेबाहेर जाते की काय असं वाटण्याइतकी लांब. बाबाही येतो म्हणतात. त्यांना छपराची जाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे.

तुमची,
जुन्नरची पाहुणी