हार्डवेअर अभियंत्यांना क्वांटम संशोधनाची वाट मोकळी करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्वांटम संगणनाविषयी मराठी वृत्तपत्रांत हल्ली बरेच छापून येते, पण ते वाचून हे क्षेत्र केवळ भौतिकशास्त्रज्ञांचे आणि सॉफ्टवेअरवाल्यांचे आहे असा समज होतो. अनेक वर्षे सर्किट बोर्ड आणि एफपीजीएच्या (हव्या त्या कामासाठी प्रोग्राम करता येणाऱ्या चिपच्या) डिझाइनचे काम केल्यावर या संशोधनाकडे वळलेला अभियंता म्हणून मला हा समज घातक वाटतो, म्हणून हे पत्र.

ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने सहा क्यूबिटच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे मूलभूत एकक) सुपरकंडक्टिंग, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या अतिवाहक परिपथांच्या, प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्यातील क्यूबिट मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले; ते चालवणारी आणि मोजणारी यंत्रणा मात्र डीआरडीओच्या पुण्यातील क्वांटम प्रयोगशाळेने, बाजारात मिळणारी उपकरणे आणि स्वतः प्रोग्राम केलेले डेव्हलपमेंट बोर्ड जोडून उभी केली. या बातमीतला पुण्याचा वाटा इलेक्ट्रॉनिक्सचा होता, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

असा क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) वर जेमतेम १० ते २० मिलिकेल्विन, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागांत मोजाव्या लागणाऱ्या तापमानात ठेवतात आणि साधारण ५ गिगाहर्ट्झच्या, जेमतेम दहा ते शंभर नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) टिकणाऱ्या मायक्रोवेव्ह स्पंदांनी हलवतात. त्या स्पंदाचा आकार किंचित बिघडला, क्लॉकच्या ठोक्यांत जिटर (वेळेचा बारीक हेलकावा) आला किंवा खोलीच्या तापमानाचा गोंगाट केबलमधून खाली झिरपला, की गणित चुकते. फेज नॉइज, इम्पीडन्स मॅचिंग, ग्राउंड लूप असे संकेत शुद्ध ठेवण्याचे प्रश्न ही हिंजवडी-भोसरीतल्या डिझाइन विभागांची रोजचीच डोकेदुखी आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी अतिक्षीण रेडिओ संकेत टिपणारी इलेक्ट्रॉनिक्स उभारण्याचा अनुभवही याच परिसरात आहे.

नव्याने शिकावे लागते ते वेगळेच. बिघडलेल्या बोर्डावर जिथे शंका येईल तिथे प्रोब लावून पाहायचे, ही आमची सवय. क्यूबिटची सुपरपोझिशन (एकाच वेळी ० आणि १ अशी मिश्र अवस्था) मोजताक्षणी मोडते, त्यामुळे तोच प्रयोग हजारो वेळा करून संभाव्यतेवरून निष्कर्ष काढावा लागतो. हा बदल पुस्तकाने अर्धाच होतो, उरलेला प्रयोगशाळेत बसूनच होतो. म्हणूनच पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने आखलेला क्वांटम तंत्रज्ञानाचा मायनर (मुख्य शाखेला जोड असा) अभ्यासक्रम स्वागतार्ह असला, तरी नोकरीत असलेल्या अभियंत्याला त्याचा उपयोग नाही.

त्याच्यासमोर आज दोनच मार्ग आहेत. एक, नोकरी सोडून पूर्णवेळ पीएच.डी. करायची, पण यूजीसीच्या जेआरएफला (कनिष्ठ संशोधन अभ्यासवृत्तीला) खुल्या प्रवर्गासाठी ३० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि मिळाली तरी तिची मूळ रक्कम महिना ३७ हजार रुपये आहे. घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा चालू असताना हे धाडस फार थोड्यांना जमते. दुसरा मार्ग अर्धवेळ पीएच.डी.चा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत त्याला मुभा आहे, मात्र नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ते देताना बहुतेक व्यवस्थापनांना माणूस हातचा जाईल अशीच भीती वाटते.

राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी केंद्राने २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले आणि आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक हे उद्दिष्ट ठेवले. क्यूबिट वाढतील तशा नियंत्रणाच्या आणि मोजणीच्या वाहिन्या वाढतील, आणि त्या बांधायला अनुभवी हार्डवेअर अभियंतेच लागतील.

आयसर पुणे या विज्ञान संस्थेचे क्वांटम तंत्रज्ञान केंद्र, सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांनी एकत्र येऊन नोकरदार अभियंत्यांसाठी सायंकाळी आणि शनिवार-रविवारी प्रत्यक्ष उपकरणांवर काम करण्याची सोय करावी, तसेच वयाची अट नसलेल्या, अनुभवाला मोल देणाऱ्या काही अभ्यासवृत्ती सुरू करण्यासाठी मिशनकडे आग्रह धरावा, अशी या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे. कंपन्यांनीही अशा अभियंत्याला वर्ष-दोन वर्षांची बिनपगारी रजा देऊन त्याची जागा राखून ठेवावी.

आपला,
एक हार्डवेअर अभियंता, कोथरूड, पुणे