मुलींचा वर्ग घेणाऱ्या सर्व ताईंसाठी: रविवारची बैठक

नमस्कार. रविवार, ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन. त्याच दिवशी सकाळी १० वाजता डिचोलीच्या आपल्या खोलीत सगळ्यांनी जमायचंय. विषय एकच: आपला हुरूप कसा टिकवायचा.

गणेश चवथीनंतर वर्गाला मुली कमी येतात, रिकाम्या चटया पाहून मन खट्टू होतं. माझंही झालं. पण गेल्या शनिवारी नववीतली एकटीच मुलगी भर पावसात, वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आली. तिच्यासाठी पूर्ण दोन तास वर्ग घेतला.

– अशी एक आठवण लिहून आणा. मुलीचं नाव मात्र नको.
– थकला असाल तर महिनाभर खुशाल थांबा, पण आधी कळवा. मुली वाट पाहत बसतात.
– अडचणीतल्या मुलांच्या मदतीसाठी असलेल्या चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक प्रत्येकीला पाठ हवा.

येणार की नाही, शुक्रवारपर्यंत सांगा.