सामोसचा बोगदा आणि अण्णा

प्रिय मेधा,

इकडे सगळे ठीक. अण्णांचं बीपी गोळ्यांवर आहे, माझा खोकला गेला. हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसले. नितीनला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, ‘म्हातारपणी माणूस हळवा होतोच.’ तुला मात्र कळेल.

आम्ही ग्रीसमधल्या सामोस बेटावर युपालिनोसचा बोगदा बघून आलो, त्या जुन्या इंजिनियरने पाण्यासाठी डोंगरातून खोदलेला. हो, तोच, ज्याच्यावरून हॉस्टेलच्या गच्चीत आपला अबोला झाला होता. तुझं म्हणणं, त्याने डोंगराला वळसा घालत काटकोनात मापं घेतली आणि दिशा गणिताने काढली. माझं म्हणणं, तो डोंगरावरूनच सरळ ओळीत काठ्या रोवत गेला. ती काटकोनांची रीत अलेक्झांड्रियाच्या हेरोन या गणितज्ञाने लिहून ठेवली आहे हे कबूल, पण हेरोन कित्येक शतकं नंतरचा. मी गावात उभी राहून डोंगराचा उतार नीट न्याहाळला. अगं, काठ्या सहज रोवता येतात! जाणकारांचं अजून एकमत नाही, म्हणून तू हरलीस असं लिहीत नाही. पण यंदाच्या दिवाळीला पहिली करंजी माझी.

सामोसवर पिथागोरियो नावाचं बंदराचं गाव आहे, त्याच्या पाठीशीच हा डोंगर. पाण्याचा झरा पलीकडच्या अंगाला. शत्रूने वेढा घातला तरी पाणी तोडता येऊ नये, म्हणून इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात डोंगराच्या पोटातून १०३६ मीटर खोदलं, दोन्ही तोंडांकडून एकदम, छिन्नी-हातोड्याने. सुरुंग नाही, कोन मोजायचा थिओडोलाइट नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सामोसच्या तीन मोठ्या कामांत हे धरलंय आणि मेगारा शहराच्या या युपालिनोसचं नावही लिहून ठेवलंय. इतक्या जुन्या किती इंजिनियरांची नावं टिकली असतील गं? तुझ्या वर्गात विचार.

आम्ही दक्षिणेच्या तोंडाने शिरलो. डोक्याला हेल्मेट, आणि सुरुवातीची वाट इतकी चिंचोळी की अण्णा आडवे होऊन सरकत होते. माझा जीव वर-खाली. त्या पावसाळ्यानंतर ते लिफ्टमध्येसुद्धा पाय ठेवत नाहीत, तुला ठाऊकच आहे. पण इथे मागे वळून म्हणाले, ‘सुजू, डोकं सांभाळ.’

आत माणूस उभा राहील एवढी जागा, साधारण १.८ मीटर उंच आणि तेवढीच रुंद. एका कडेने खोल चर गेलाय, त्यावर जाळी. अण्णा गुडघे दुखतात म्हणून देवळातही बसत नाहीत, ते त्या जाळीवर वाकून बसले. खाली चरात पाण्याचे मातीचे नळ होते. चर उत्तरेला चारेक मीटर खोल, दक्षिणेला आठाच्याही वर. अण्णा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘तळ सपाट ठेवला, म्हणजे दोन्ही तोंडं एका पातळीवर भेटतील. पाण्याचा उतार मग चरात दिला. शाबास.’ मेधा, हा शब्द त्यांनी मला दहावीलाही दिला नव्हता.

भिंतीवर त्या काळच्या मापाच्या लाल खुणा अजून दिसतात. जिथे खडक ठिसूळ तिथे दगडी बांधकाम करून वर तिरक्या शिळा टेकवल्या आहेत. गाइड बोलायच्या आत अण्णांनी तिथे तळवा ठेवला आणि म्हणाले, ‘इथे ढिला लागला.’ तिने मान डोलावली. मग भेटीची जागा आली. दोन टोळ्या एकमेकांना चुकू नयेत म्हणून त्याने दोन्हीकडची दिशा मुद्दाम वळवली होती, म्हणजे कुठे ना कुठे छेद होणारच. तिथून पुढे उत्तरेच्या अर्ध्या भागात बोगदा सरळ जातच नाही. खडक भुसभुशीत लागला तेव्हा त्याने रेषा सोडली, बाजूने वळसा घेतला आणि पुन्हा रेषेवर आला.

अण्णा तिथे थांबले. बाकीचे लोक पुढे निघून गेले. आणि ते म्हणाले, ‘वळला बघ. दिगूपण हेच म्हणत होता, बाजूने काढू. मी ऐकलं नाही.’

तू आणि काकू इतकी वर्षं जे म्हणत आलात, आणि आमच्या घरात ज्याच्यावर कुणी अवाक्षर काढत नसे, ते अण्णांच्या स्वतःच्या तोंडून निघालं. मी काहीच बोलले नाही. हात धरला आणि चालत राहिले.

पुढे आम्ही बोटीने पात्मोस बेटावर गेलो. बायबलमधल्या संत योहानाला जिथे दर्शन झालं म्हणतात ती गुहा तिथे आहे. छताच्या खडकाला तीन भेगा आहेत, त्यांना तिथले लोक त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याची, खूण मानतात. योहान जिथे डोकं टेकत असे म्हणतात त्या खळग्याला चांदीची कड आहे. सगळे मेणबत्त्या लावत होते आणि अण्णा छत तपासत होते. बाहेर आल्यावर पायरीवर बसून म्हणाले, ‘परत गेलो की मला वहिनींकडे जायचंय. त्यांना सांगायचंय, दिगूचं बरोबर होतं.’

आणि आता माझी झोप उडाली आहे. काकू नेहमीसारखा चहा टाकतील, बिस्किटं पुढे करतील, ‘भाऊजी, आता कशाला ते’ म्हणतील, आणि अण्णा निघून गेल्यावर एकट्या बसतील. काकांची बदली, ते भाड्याचं घर, तुझं शाळा सोडणं, सगळं पुन्हा वर येईल. काका ऐकायला नाहीत, मग काकूंनीच का ऐकावं? पण न्यावं तर त्यांचं काय होईल, आणि नाही नेलं तर यांचं? कॅलेंडरच्या पाठीमागे रोज तो वळसा काढताहेत, मापांसकट. भीती ही की काकूंसमोर बसून आधी अर्धा तास खडकाचा थर समजावतील आणि जे म्हणायचं ते राहूनच जाईल. आधी पत्र लिहा म्हटलं तर म्हणाले, ‘कागदावरच तर सगळं झालं होतं.’ यावर मी काय बोलणार?

मला वाटतं त्यांनी जावं. मनापासून वाटतं. पण काकू तुझ्या आई आहेत. तू नको म्हणालीस तर मी हा विषय घरात पुन्हा निघू देणार नाही, आणि तुझ्यावर रागावणारही नाही. तू हो म्हणालीस तर काकूंना आधी सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. त्या दिवशी तू तिथे असावंस, एवढंच मागते.

रोहनच्या निकालाचं कळलं, त्याला पेढे माझ्याकडून. विभागप्रमुख झालीस ते आईने सांगितलं, तू नाही! गुडघ्याचा एक्स-रे काढ, टाळू नकोस.

अण्णा नऊला झोपतात. त्यानंतर कधीही फोन कर.

तुझी,
सुजू