लांडगा, भूत आणि आवर्तसारणी

महोदय,
सोडिअमची संज्ञा ‘एनए’, पोटॅशिअमची ‘के’ आणि टंगस्टनची ‘डब्ल्यू’ का, हे शाळेत सहसा सांगत नाहीत. मुले नुसती घोकतात. जर्मन मुलांची यातून सुटका आहे, कारण त्यांच्याकडे नावेच नात्रियुम, कालियुम आणि वोल्फ्राम. वोल्फ्रामची गोष्ट तर झकास. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणींत कथील वितळवताना हे खनिज आडवे येई आणि लांडग्यासारखे कथील फस्त करी, म्हणून नावात लांडगा, म्हणजे जर्मनमधला ‘वोल्फ’! निकेल हे तिथल्या खोडकर भुताचे नाव. तांब्यासारखे दिसणारे खनिज तांबे देईना, तेव्हा खापर त्याच्यावर. १७५१ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी तशाच खनिजातून नवा धातू वेगळा केला, तोच निकेल. आवर्तसारणीच्या धड्यात अशा चार ओळी घालायला काय हरकत आहे?
— एक विज्ञानशिक्षिका, सातारा