ॲरे फिरवण्याचा प्रोग्राम एकाच उदाहरणावर तपासू नये

महोदय,

संगणक अभ्यासक्रमांच्या प्रात्यक्षिक परीक्षांत ‘ॲरेमधील घटक दिलेल्या संख्येइतके डावीकडे फिरवा’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ॲरे म्हणजे ओळीने ठेवलेल्या घटकांची यादी; ती डावीकडे फिरवली की सुरुवातीचे तेवढे घटक शेवटी जातात. प्रश्न उत्तमच आहे. मात्र एक उदाहरण चालवून पडद्यावर अपेक्षित उत्तर उमटले की पूर्ण गुण देण्याची पद्धत परीक्षकांनी सोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

समजा, ७ घटकांचा ॲरे ३ स्थानांनी फिरवायचा आहे. विद्यार्थी पहिला घटक बाजूला ठेवतो, त्या रिकाम्या जागी तीन स्थाने पुढचा घटक आणतो, त्याच्या जागी आणखी तीन स्थाने पुढचा, आणि शेवट ओलांडला की पुन्हा सुरुवातीपासून मोजत, निघाल्या जागी परत येईपर्यंत हेच करत राहतो; शेवटी उरलेल्या जागी बाजूला ठेवलेला घटक ठेवतो. सातही घटक योग्य जागी पोहोचतात. हाच प्रोग्राम ६ घटक आणि २ स्थाने देऊन चालवला, तर मात्र तो पहिला, तिसरा आणि पाचवा एवढेच घटक हलवून थांबतो. बाकीचे तीन जागच्या जागीच राहतात. अशी किती आवर्तने लागतील, हे या दोन संख्यांच्या मसाविवरून ठरते. ७ आणि ३ यांचा मसावि १ आहे, ६ आणि २ यांचा २. शाळेत केवळ गुणांसाठी शिकलेला मसावि इथे असा अचानक कामाला येतो, आणि नेमकी हीच सुंदर गोष्ट विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते, याचे मला फार वाईट वाटते.

७ घटक १० स्थानांनी फिरवणे म्हणजे ३ स्थानांनीच फिरवणे, म्हणून आधी स्थानांच्या संख्येला घटकांच्या संख्येने भागून बाकी काढावी लागते. पण ॲरे रिकामा असेल तर प्रोग्रामच्या त्याच ओळीत शून्याने भागण्याची वेळ येते. हेही एका उदाहरणात कळत नाही.

जर्नलमध्ये बहुधा एकेक स्थान सरकवण्याची रीत उतरवलेली असते. १ लाख घटक ५० हजार स्थानांनी फिरवताना तिला सुमारे ५०० कोटी हालचाली कराव्या लागतात. याउलट आधी पहिला भाग, म्हणजे जितकी स्थाने फिरवायची तितके सुरुवातीचे घटक, उलटा करावा, मग उरलेला भाग, आणि शेवटी संपूर्ण ॲरे, या रीतीत सुमारे १ लाख अदलाबदलींत काम होते आणि दुसरा ॲरेही लागत नाही. युनिक्स या संगणक प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये टेक्स्ट एडिटरसाठी, म्हणजे मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रामसाठी, हीच युक्ती वापरली होती. ती पाठ करणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात, परंतु तीन वेळा उलटवल्यावर प्रत्येक भागातला क्रम पुन्हा सुलटा कसा होतो, हे कागदावर मांडून दाखवणारे विरळाच.

परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला मिळणारा वेळ थोडा असतो, हे मान्य आहे. तरीही ७ आणि ३, ६ आणि २, ७ आणि १०, तसेच रिकामा ॲरे, अशी चार उदाहरणे चालवून पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. शिवाय तोंडी परीक्षेत ‘हे उत्तर का येते?’ एवढा एक प्रश्न विचारून काही गुण त्यासाठी राखून ठेवावेत.

– संगणकशास्त्राचा एक शिक्षक, सातारा