सोनोग्राफी नॉर्मल होती, पण डावी किडनी पूर्ण दिसलीच नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात तपासण्यांच्या बाजाराबद्दल एका वाचकाचे पत्र आले होते. डॉक्टर कमिशनसाठी स्कॅन लिहून देतात, तेव्हा एक तपासणी झाल्यावर दुसरी सांगितली की सरळ नाही म्हणावे, असा त्यांचा सल्ला आहे. त्यांचा राग खोटा नाही. कट प्रॅक्टिस आपल्याकडे आहे आणि २०१७ साली राज्य सरकारने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही करून घेतला होता. पण ते ‘सरळ नाही म्हणावे’ वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. गेल्या वर्षी आमच्या घरात हेच ‘नाही’ म्हटले गेले आणि सासूबाई हातच्या जाता जाता राहिल्या.

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. वय ६६, मधुमेह चौदा वर्षांपासून. गौरीपूजनाच्या दिवशी पुरण शिजत असताना त्यांना अशी हुडहुडी भरली की हातातला डाव खाली पडला. दोन गोधड्या घातल्या तरी थंडी जाईना. संध्याकाळी ताप १०३. दिवस डेंग्यूचे, त्यामुळे सगळ्यांच्या मनात तेच. लघवीला जळजळ अजिबात नव्हती. फक्त ‘डाव्या कुशीत कुणीतरी दाबून धरल्यासारखं होतंय’ एवढेच त्या म्हणत होत्या, आणि ते आम्ही दिवसभर ओट्याशी उभे राहण्यावर ढकलले.

दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली. डेंग्यू नव्हता, लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर होत्या. त्यांनी किडनीचा संसर्ग ओळखला, जंतू कोणते ते कळायला लघवी कल्चरला पाठवली, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केले आणि सोनोग्राफी करून आणायला सांगितली. जवळच्या सरकारी रुग्णालयात मशीन आहे, पण सोनोग्राफीचे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात आणि सणामुळे तेही नव्हते. म्हणून खासगीत गेलो. रिपोर्ट इंग्रजीत. मी शेवटचा भाग वाचला. स्टोन नाही, किडनीला सूज नाही. घरी फोन केला, ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे.’

मधल्या एका ओळीत लिहिले होते, ‘लेफ्ट किडनी पार्टली ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’. म्हणजे आतड्यातल्या गॅसमुळे डाव्या किडनीचा काही भाग दिसला नाही. ती ओळ मी वाचली होती. पोटात गॅस तर सगळ्यांनाच असतो, म्हणून सोडून दिली.

तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही. चौथ्या दिवशी सकाळी साखर चारशेच्या वर, बीपी खाली आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढते ते) २.४. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू होऊन दोन दिवस झाले, तरी ताप हटत नाही, पेशंट मधुमेही, आता थांबू नका, साताऱ्याला न्या आणि सीटी स्कॅन करा. आमचे हे म्हणाले, ‘परवाच सोनोग्राफी झालीय, नॉर्मल आलीय. आता सीटी कशाला? यांचं ठरलेलंच असतं.’ भाऊजींनी कुठूनतरी ऐकले होते की सीटीला डाय, म्हणजे चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून द्यायचे औषध, टोचतात आणि आधीच क्रिएटिनिन वाढलेले असेल तर किडनी जाते. मीही गप्प बसले. आत्या संध्याकाळी विचारल्याचे असंबद्ध उत्तर देऊ लागल्या, तेव्हा १०८ ला फोन केला.

साताऱ्याला पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की डायची गरज नाही, आधी साधा सीटी करू. ‘श्वास रोखा’, ‘श्वास सोडा’ असे मशीन सांगते, ते आत्यांना कळत नव्हते. तरी पाच-सात मिनिटांत झाले. रेडिओलॉजिस्ट बाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्यांनी मला पडद्याजवळ बोलावले. हाडे पांढरी, दोन्ही किडन्या करड्या. उजवी किडनी सारखी, गुळगुळीत करडी. डाव्या किडनीत मात्र धिरड्याला जाळी पडते तसे काळेभोर ठिपके. ‘सीटीत प्रत्येक गोष्टीला आकडा असतो,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी शून्य, हवा उणे हजार. हे काळं म्हणजे हवा. आतड्यात असायला हवी ती किडनीत आहे.’ हे आकडे ब्रिटिश अभियंते हाउन्सफिल्ड यांच्या नावाने मोजतात. त्यांच्या यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी झाला आणि १९७९ साली त्यांना नोबेल मिळाले, हे मी मुलांना सामान्यज्ञानात सांगत आले होते. तो उणे हजार घरच्या माणसाच्या पोटात बघायची वेळ येईल असे वाटले नव्हते.

या आजाराला एम्फिसिमॅटस पायलोनेफ्रायटिस म्हणतात आणि तो बहुतेक करून मधुमेहींनाच होतो. रक्तात साखर भरपूर, किडनीत जंतू. ते जंतू साखर खातात आणि वायू सोडतात. इडलीचे पीठ रात्रीतून फुगते, तोच प्रकार, फक्त जिवंत माणसाच्या किडनीत.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेला लागून जवळजवळ सगळ्या परत फिरतात, म्हणून तर पोटावर ती गार जेली लावतात, की प्रोब (पोटावर फिरवतात ते यंत्र) आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये. किडनीतच वायू असला की पडद्यावर नुसती पांढरी चमक आणि मागे सावली दिसते. शेजारीच आतडे असते, त्यातला वायूही अगदी तसाच दिसतो. जो वायू आजाराची खूण होता, तोच आडवा आला. पण त्यांनी ‘दिसत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले होते. ‘दिसत नाही’चे ‘काही नाही’ आम्ही केले.

पूर्वी अशी किडनी सहसा काढूनच टाकत. आता नळी घालून आणि औषधांवर बऱ्याचदा वाचवता येते. आत्यांच्या पाठीतून पिगटेल नावाची बारीक नळी घातली. तिचे टोक आत गेल्यावर डुकराच्या शेपटीसारखे वळते, म्हणून हे नाव. ती घालताना आत जायचा मार्ग दिसावा म्हणून सोनोग्राफीच वापरली, हेही सांगायला हवे. पिशवीत पिवळट तपकिरी पू आणि बुडबुडे आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. नळी १८ दिवस होती. आज दोन्ही किडन्या आहेत, क्रिएटिनिन १.३ आहे आणि इन्सुलिन मी स्वतः देते.

आमच्या शाळेतल्या एका गुरुजींचे याच्या उलट झाले. ताप, थंडी, उजव्या कुशीत कळा. सोनोग्राफीत दहा मिनिटांत दिसले की मूत्रनलिकेत खडा अडकलाय आणि मागे किडनी फुगलीय. तुंबलेल्या लघवीत जंतू असले की नुसत्या औषधाने भागत नाही, वाट मोकळी करावी लागते. त्याच रात्री स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकला. म्हणजे सोनोग्राफी कुचकामी मुळीच नाही. खडा आणि तुंबलेली लघवी शोधायला ती चांगली, शिवाय स्वस्त आणि गरोदर बाईलाही निर्धोक. पण संसर्ग झालेली किडनी तिच्यात पुष्कळदा अगदी नॉर्मल दिसते. गॅस तर समोर असून ओळखू येत नाही.

आणि प्रत्येकीला सीटी लागतो असेही नाही. माझी भाची पुण्यात वसतिगृहात असते, वय २१, दुसरा कुठलाही आजार नाही. तिला किडनीचा संसर्ग झाला तेव्हा डॉक्टरांनी एकही स्कॅन सांगितला नाही. कल्चर, गोळ्या, आणि ‘तीन दिवसांत ताप उतरला नाही तर या’. दुसऱ्याच दिवशी उतरला. पोटाच्या एका सीटीत साधारण तीन वर्षांत निसर्गातून मिळतो तेवढा किरणोत्सर्ग अंगावर येतो. तो तिला उगाच कशाला?

म्हणून त्या पत्रलेखकांना माझे हात जोडून सांगणे आहे. दुसरी तपासणी सांगितली की नाही म्हणू नका, ‘कशासाठी?’ विचारा. मधुमेह आहे का, एकच किडनी आहे का, खड्याचा त्रास आहे का, औषध सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले तरी ताप आहे का, यावर उत्तर अवलंबून असते. डायची भीती वाटली तर तीही बोलून दाखवा. वायू आणि खडा बघायला डाय लागत नाही, हे आम्हाला त्या सकाळी कुणी सांगितले असते तर आम्ही दुपारीच निघालो असतो. पू साठलेले गळू किंवा सुरुवातीचा संसर्ग बघायला डाय लागतो, तेव्हा क्रिएटिनिन किती आणि धोका किती हे डॉक्टर तोलून ठरवतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही आवर्जून सांगा.

सोनोग्राफी केंद्रांना आणि आरोग्य खात्याला एक विनंती. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी प्रत्येक केंद्राबाहेर मराठीत असते, ती वाचता येते म्हणून तिचा उपयोग होतो. रिपोर्ट सगळा मराठीत द्या असे मी म्हणत नाही. पण जे दिसले नाही तेवढे तरी रिपोर्टच्या तळाशी मराठीत लिहा: ‘डाव्या किडनीचा काही भाग दिसला नाही. ताप न उतरल्यास सीटीबद्दल डॉक्टरांना विचारावे.’

आपली,
एक शिक्षिका, ता. माण, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)