भंडाऱ्याचे चौकोन आणि कॅमेरेवाल्याला शिव्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने जेजुरीच्या सोमवती यात्रेच्या थेट प्रक्षेपणावर राग काढला आहे. पालखी निघाली, भंडारा उधळला गेला आणि नेमके तेव्हाच पडद्यावर पिवळे चौकोन तेवढे उरले. ‘जुनाट कॅमेरे लावून भाविकांची फसवणूक’ असे त्यांचे म्हणणे. त्या कॅमेऱ्यांपैकी एकाच्या मागे मीच उभा होतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

चौकोन दिसले हे खरेच. रात्री घरी आल्यावर मी स्वतः मोबाइलवर ते पाहिले आणि मग कॅमेऱ्यातले कार्ड काढून तोच प्रसंग लॅपटॉपवर लावला. कार्डावर एक लहान मुलगा बापाच्या खांद्यावर बसला आहे, मूठ घट्ट मिटलेली, पापण्यांवर भंडारा. वरून ओवऱ्यांकडून पिवळा लोट येतो तेव्हा तो डोळे मिटतो आणि मूठ उघडायला विसरतो. पापणीवरचा कण न् कण दिसतो. मोबाइलवर त्याच मुलाच्या तोंडाच्या जागी पाच-सहा पिवळट ठोकळे होते. कॅमेरा तोच, भिंगही तेच. बिघडले ते मधल्या वाटेवर.

हिशेब सांगतो. फुल एचडी चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट (एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट) लागतात. कार्डावर ते ५० मेगाबिटमध्ये बसवले जाते. गडावरून आम्हाला मोबाइलच्या सिमवर मिळत होते जेमतेम ४, कारण आजूबाजूची सगळी गर्दी त्याच टॉवरवर व्हिडिओ कॉल करत होती. म्हणजे दीडशे पोती धान्य एका पोत्यात कोंबायचे.

हे कोंबण्याचे काम एन्कोडर करतो. तो चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. फुल एचडीच्या एका चित्रात असे ८,१६० चौकोन, आणि सेकंदाला २५ चित्रे. एका चित्राला ४० मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात प्रत्येक चौकोनाची प्रतवारी करायची. माझ्या वडिलांची सीताफळाची बाग होती. सासवडच्या बाजारात जाण्याआधी पहाटे आई फळे निवडायची. फळ हातात घेऊन न्याहाळत बसायची नाही, नजर पडली की हात आपोआप त्या-त्या पाटीकडे जायचा. एन्कोडरचे तसेच. गडाची भिंत मघाच्या चित्रात होती तशीच आहे? मग ‘तेच पुन्हा’ एवढेच लिहायचे, जवळजवळ फुकटात. पालखी दोन बोटे डावीकडे सरकली? मग जुनाच चौकोन उचलून तिकडे ठेवायचा. साफ नवीन काही आले तरच ते मुळापासून रंगवायचे, आणि तेच सगळ्यात महाग पडते.

आता भंडारा. त्याचा प्रत्येक कण आपल्या मर्जीने उडतो. मागच्या चित्रात त्याच्यासारखे काही सापडत नाही, शेजारच्या चौकोनाशी मेळ बसत नाही. सगळी फळे एकदम महागड्या पाटीत पडतात आणि पाटी तर एकच. सेकंदाचे ४ मेगाबिट २५ चित्रांतल्या सगळ्या चौकोनांना वाटले तर एकेकाच्या वाट्याला सरासरी २० बिट येतात. मूळ चौकोन असतो ३,०७२ बिटांचा. एन्कोडर बिचारा काय करणार, बारकावे टाकून देतो आणि सपाट पिवळा ठोकळा ठेवून पुढे जातो. त्यात रंगाची आणखी एक मेख आहे. आपला डोळा उजेड-अंधार बारकाईने टिपतो, रंग ढोबळ पाहतो, म्हणून चार ठिपक्यांत मिळून रंगाची नोंद एकदाच ठेवतात. लग्नाच्या शालूला ते खपून जाते. अख्खा सोहळाच रंगाचा असेल तिथे ते उघडे पडते.

त्या वाचकांनी ‘परदेशी तंत्रज्ञान आपल्या यात्रांना काय कळणार’ असाही टोमणा मारला आहे. चौकोनात नेमके काय राखायचे आणि काय टाकायचे हे ठरवणारे गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद यांना सुचले. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यासाठी अनुदान मागितले, ते नाकारले गेले. तरीही १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते प्रसिद्ध केले. तुमच्या मोबाइलमधला जेपीजी फोटो त्याच्यावरच उभा आहे, आणि आम्ही वापरतो त्या एच.२६४ या व्हिडिओ पिळण्याच्या पद्धतीतले गणितही त्याच कुळातले. सपाट भिंतीच्या ८ बाय ८ ठिपक्यांचे ६४ आकडे या गणितातून काढले की दोन-चारच कामाचे उरतात, बाकीचे शून्याला टेकतात. भंडाऱ्याचे मात्र ६४ च्या ६४ कामाचे राहतात. गणिताचा दोष नाही, त्याला टाकण्याजोगे काही सापडतच नाही.

मग उपाय नव्हता का? होता, आणि मी तो आदल्या दिवशी सांगितला होता. फुल एचडी सोडा, ७२० वर, म्हणजे कमी ठिपक्यांचे लहान चित्र पाठवा. चौकोन ८,१६० वरून ३,६०० वर येतात, तेवढ्याच ४ मेगाबिटमध्ये एकेकाला ४४ बिट मिळतात. शटरही १/५० सेकंदावर ठेवू, म्हणजे कण टोकदार न दिसता त्यांच्या रेघा ओढल्या जातील, एन्कोडरला त्या सोप्या जातात. संयोजकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘फ्लेक्सवर फुल एचडी छापलंय.’ केबलची लाईन गडावर आणण्याचा विषय तर चहा येण्याआधीच संपला.

लग्नात अक्षता पडतात तेव्हाही हेच होते, विसर्जनाच्या गुलालातही. फरक इतकाच की लग्नवाल्यांना आम्ही कार्डावरचे देतो. म्हणून एक विनंती. यात्रेचे कार्डावरचे मूळ चित्रण माझ्याकडे हार्ड डिस्कवर आहे. संयोजकांनी ते ‘ग्रुपवर टाका’ म्हणून निरोप धाडला आहे. ग्रुपवर टाकले की ते पुन्हा पिळले जाईल आणि त्या मुलाच्या पापण्यांचे पुन्हा ठोकळे होतील. कोणी पेन ड्राइव्ह घेऊन आले तर त्यात भरून देईन, पैसे नकोत. तक्रार करणाऱ्या वाचकांनी तर अवश्य यावे, मोठ्या पडद्यावर लावून दाखवतो.

आपला,
एक शूटिंगवाला, सासवड, ता. पुरंदर

(कृपया नाव छापू नये. पुढच्या सोमवतीचे काम अजून ठरायचे आहे.)